पाठ १२ : विम्याचा अर्ज आणि साताऱ्याला एक फोन

स्तर : प्रगत १
विभाग : व्यवहारातलं मराठी

या पाठात तुम्ही शिकाल
• आयुर्विम्याचा अर्ज करताना लागणारे मराठी शब्द
• आजार आणि मृत्यू यांबद्दल घरात कसं बोलतात आणि कागदावर कसं लिहितात
• अर्जातली भाषा आणि बोलण्यातली भाषा यांतला फरक

वाचण्याआधी
१. तुमच्या घरी 'पॉलिसी', 'हप्ता', 'एलआयसी' हे शब्द कानावर पडतात का? कोणाच्या तोंडून?
२. 'पगार' म्हणजे काय? तुम्हाला माहीत असलेला अर्थ एका वाक्यात लिहा.
३. तुमच्या आईवडिलांना कोणते आजार झाले होते, हे तुम्हाला मराठीत सांगता येईल का?


१. पगार आणि कुंपण

सिंगापूरच्या ईस्ट-वेस्ट लाइनवर तांजोंग पगार नावाचं स्टेशन आहे. मराठी घरातलं मूल हे नाव पहिल्यांदा ऐकतं तेव्हा हमखास हसतं. आपल्याकडे पगार म्हणजे महिनाभर केलेल्या कामाचे पैसे. हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. पण तांजोंग पगारमधला 'पगार' मलय भाषेतला आहे. त्याचा अर्थ कुंपण. 'तांजोंग' म्हणजे समुद्रात शिरलेलं जमिनीचं टोक, म्हणजेच भूशिर.

एके काळी इथे कोळ्यांची वस्ती होती. आज इथे कचेऱ्यांच्या उंच इमारती आहेत. स्टेशनाच्या डोक्यावरच २९० मीटर उंचीचा गुओको टॉवर उभा आहे. तो २०१६ मध्ये पूर्ण झाला. तिथून थोडं चाललं की शेंटन वे हा रस्ता लागतो. या रस्त्यावर मॉनेटरी अथॉरिटी ऑफ सिंगापूर, म्हणजे 'मास', हिचं कार्यालय आहे. देशातल्या बँकांवर आणि विमा कंपन्यांवर हीच संस्था लक्ष ठेवते.

आता दोन भाषांतले दोन 'पगार' शेजारी ठेवा. घरातल्या कमावत्या माणसाचा पगार अचानक थांबला, तर त्या घराला कुंपण कशाचं? आयुर्विमा हे या प्रश्नाचं एक उत्तर आहे. आज आपण त्याचा अर्ज कसा करायचा ते वाचू.


२. आधी शब्द, मग अर्ज

'विमा' हा शब्द फारसीतून आला. मराठीत आपण विमा 'काढतो' किंवा 'उतरवतो'. इथे 'उतरवणे' म्हणजे वरून खाली आणणे नव्हे! 'मी विमा उतरवला' म्हणजे मी विमा घेतला.

विमा घेतल्यावर ठरावीक काळाने जे पैसे भरायचे, तो 'हप्ता'. हा शब्दही फारसीच. मुळात त्याचा अर्थ आठवडा. मराठीत तो विम्याला आणि कर्जाला चालतो. (सिनेमातला गुंड दुकानदाराकडे 'हप्ता' मागतो, तो मात्र वेगळा. त्याची पावती मिळत नाही.)

माणूस गेल्यावर कंपनी घरच्यांना जी रक्कम देते ती 'विमा रक्कम'. पॉलिसी जितकी वर्षं चालते ती 'मुदत'. पैसे कोणाला द्यायचे म्हणून तुम्ही ज्याचं नाव लिहून देता, ती 'नामनिर्देशित व्यक्ती'. बोलताना मात्र सगळे 'नॉमिनी' म्हणतात. तुम्हीही तेच म्हणा.

मराठी माणसाचा विम्याशी संबंध जुना आहे. १८७० मध्ये मुंबईत 'बॉम्बे म्युच्युअल' ही विमा संस्था सुरू झाली. त्याआधी परदेशी कंपन्या भारतीय माणसाकडून जास्त हप्ता घ्यायच्या. बॉम्बे म्युच्युअलने भारतीयांना नेहमीच्या दराने विमा द्यायला सुरुवात केली. पुढे १९ जानेवारी १९५६ रोजी भारताचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी रेडिओवरून जाहीर केलं, की आयुर्विम्याचा व्यवसाय सरकार ताब्यात घेत आहे. देशमुख हे रायगड जिल्ह्यातल्या नाते गावचे. त्याच वर्षी १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली. तेव्हापासून कित्येक मराठी घरांत विम्याला विमा म्हणतच नाहीत, 'एलआयसी' म्हणतात.


३. किती रकमेचा विमा?

अर्ज उघडण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : माझ्या पगारावर कोण अवलंबून आहे? आई? धाकटा भाऊ? मुलं? कोणीच नसेल तर मोठ्या विम्याची घाई नको.

दुसरा प्रश्न : किती रक्कम लागेल? सिंगापूरमध्ये २०२३ साली 'मास' आणि वित्त क्षेत्रातल्या संस्थांनी मिळून एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात ढोबळ हिशेब असा दिला आहे : मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व यांसाठी वर्षाच्या कमाईच्या ९ पट संरक्षण घ्यावं. सगळ्या विम्यांवर मिळून कमाईच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करू नये.

समजा, तुमचा पगार महिना ४,००० डॉलर आहे.
वर्षाची कमाई : ४,००० × १२ = ४८,०००
नऊ पट : ४८,००० × ९ = ४,३२,०००

(ही रक्कम 'चार लाख बत्तीस हजार' अशी वाचा. सिंगापूरच्या कागदावर स्वल्पविराम ४ आणि ३ यांच्यामध्ये नसतो, २ नंतर असतो. पैसे तेवढेच!)

तिसरा प्रश्न : माझ्याकडे आधीच काही विमा आहे का? सिंगापूरचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी सीपीएफची 'डिपेंडंट्स प्रोटेक्शन स्कीम' आहे. २१ ते ६५ या वयात पहिल्यांदा सीपीएफमध्ये पैसे जमा होऊ लागले, की या योजनेत आपोआप नाव येतं. नको असेल तर बाहेर पडता येतं. वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत विमा रक्कम ७०,००० डॉलर, त्यानंतर पासष्टीपर्यंत ५५,०००. बऱ्याच तरुण मुलांना हा विमा आपल्याला आहे हेच माहीत नसतं. ४,३२,००० मधून हे ७०,००० वजा करा. उरले ३,६२,०००. तुमचा अर्ज एवढ्याचा.

आता पॉलिसी कुठून घ्यायची? एक रस्ता एजंटचा. तो समजावून सांगतो, कागद भरायला मदत करतो आणि त्याबद्दल कंपनी त्याला कमिशन देते. दुसरा रस्ता थेट खरेदीचा. २०१५ पासून सिंगापूरमध्ये 'डायरेक्ट परचेस इन्शुरन्स' मिळतो. त्यात कमिशन नाही, पण सल्लाही नाही. एका कंपनीकडून जास्तीत जास्त ४,००,००० डॉलरचा मुदतीचा विमा असा घेता येतो. कोणत्या कंपनीचा हप्ता किती, हे 'कंपेअरफर्स्ट' या संकेतस्थळावर शेजारी-शेजारी ठेवून बघता येतं. तेही त्याच वर्षी सुरू झालं.


४. अर्जात काय विचारतात?

रस्ता कोणताही घ्या, अर्जातले प्रश्न साधारण सारखेच असतात.

ओळख : नाव, जन्मतारीख, ओळखपत्राचा क्रमांक, पत्ता. गंमत म्हणजे बऱ्याच कंपन्या तुमचं आजचं वय धरत नाहीत, पुढच्या वाढदिवसाला होणारं वय धरतात. म्हणून वाढदिवसाआधी अर्ज केला तर हप्ता थोडा कमी पडू शकतो.

काम आणि कमाई : तुम्ही कचेरीत बसता की बांधकामावर उंचावर चढता? वर्षाला किती कमावता?

सवयी : सिगारेट ओढता का? तंबाखू खाता का? दारू किती पिता? डोंगर चढणं, समुद्रात खोल बुडी मारणं असे धोक्याचे छंद आहेत का?

तब्येत : उंची, वजन, आजवर झालेले आजार, ऑपरेशनं, चालू असलेली औषधं.

आणि मग येतो तो प्रश्न, जिथे परदेशात वाढलेली बरीच मुलं थांबतात : कुटुंबाचा आरोग्य-इतिहास. आई, वडील आणि सख्खी भावंडं यांच्यापैकी कोणाला हृदयविकार, कर्करोग, पक्षाघात, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार झाला होता का? कितव्या वर्षी? ती व्यक्ती हयात नसल्यास मृत्यूसमयी वय काय होतं आणि मृत्यूचं कारण काय?

या प्रश्नाचं उत्तर तुमच्या फोनमध्ये सापडत नाही. ते घरातल्या मोठ्या माणसांजवळ असतं. आणि ते मराठीत असतं.


५. साताऱ्याला फोन

समजा, तुम्ही २६ वर्षांच्या आहात. जन्म सिंगापूरचा, नोकरी तांजोंग पगारला. वडील तुमच्या लहानपणीच गेले. घरात तुम्ही आणि आई. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही आत्याला फोन लावता. सिंगापूरमध्ये साडेबारा वाजलेत, म्हणजे साताऱ्यात दहा.

पुतणी : आत्या, मी बोलतेय. कामात आहेस का?
आत्या : आत्ताच कुकर लावला. बोल गं. जेवलीस का?
पुतणी : जेवणारच आहे. आत्या, एक विचारायचं होतं. बाबांबद्दल.
आत्या : काय गं?
पुतणी : मी विमा काढतेय. त्यात विचारलंय, वडील कितव्या वर्षी गेले आणि कशाने. आई नेहमी म्हणते, "छातीत दुखलं आणि गेले." त्याच्यापुढे ती बोलत नाही. मग मीही विचारत नाही.
आत्या : तिला नकोच विचारूस. मी सांगते. दिवाळीला आला होतात तुम्ही इकडे. पहाटे दादाला हार्ट अटॅक आला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. एक्केचाळीस वर्षांचा होता.
पुतणी : आधी काही त्रास होता त्यांना?
आत्या : साखर होती की.
पुतणी : साखर म्हणजे?
आत्या : डायबेटिस गं. पस्तिशीतच निघाली. गोळ्या चालू होत्या. पण घरात कोणाला सांगू नका म्हणायचा. तुझी आजी काळजी करेल म्हणून.
पुतणी : मला हे कोणीच सांगितलं नव्हतं.
आत्या : तू एवढीशी होतीस. तुला काय सांगणार? दादाची फाईल अजून माझ्या कपाटात आहे. फोटो काढून पाठवते. पण काय गं, हे सगळं लिहिलंस तर विमा देतील का तुला? नको लिहूस. तिकडे कोणाला कळणार आहे?
पुतणी : आत्या, उद्या मला काही झालं तर आईला पैसे मिळावेत म्हणून तर काढतेय. तेव्हा मी सांगायला नसणार. आईच्या हातात हा कागदच असेल. तो खोटा निघाला तर ती काय करेल?
आत्या : शुभ बोल गं बाळा!
पुतणी : बोलतेय. पण लिहायचं तर खरंच लिहायला हवं ना?
आत्या : बरं, लिही. एक्केचाळीस लिही. साखर होती तेही लिही. आणि तू स्वतःची साखर तपासलीस का कधी?
पुतणी : नाही.
आत्या : मग आधी ते कर. अर्ज काय, उद्याही भरता येईल.


६. 'गेले' म्हणजे काय?

वरच्या संभाषणात मृत्यू हा शब्द एकदाही आलेला नाही. मराठीत घरातल्या माणसाबद्दल बोलताना आपण तो टाळतो. आपण म्हणतो : गेले, वारले, देवाघरी गेले, सगळं संपलं. वर्तमानपत्रात छापतात : निधन झाले. नावाआधी 'कै.' लिहिलं असेल तर ते 'कैलासवासी', म्हणजे ती व्यक्ती हयात नाही. मराठी नीट येत नसेल तर "बाबा गेले" ऐकून "कुठे?" असं विचारलं जातं. असं तुमच्याकडून झालं असेल तर लाजू नका. बरेच जण या खड्ड्यात पडलेत.

आजारांचंही तसंच. घरातला शब्द वेगळा, कागदावरचा वेगळा :

साखर असणे – मधुमेह
बीपी असणे – उच्च रक्तदाब
छातीत दुखणे, झटका येणे – हृदयविकार (डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल तरच)
अंगावरून वारं जाणे, लकवा – पक्षाघात
गाठ निघणे – कर्करोग असू शकतो, नसूही शकतो
दम लागणे – दमा असू शकतो, नसूही शकतो
किडनीचा त्रास – मूत्रपिंडाचा विकार

शेवटच्या काही ओळी नीट बघा. 'गाठ निघाली' एवढ्यावरून अर्जात कर्करोग लिहायचं नाही. विचारायचं : "गाठ कसली होती? डॉक्टर काय म्हणाले? कागद आहेत का?" घरातला शब्द मायेचा असतो. अर्जाला मात्र नेमका शब्द लागतो. मधलं काम तुमचं.


७. खरं लिहिलं तर काय होतं?

आत्याचा प्रश्न खोटा नव्हता. खरं लिहिल्यावर विमा मिळेल का? चार गोष्टी होऊ शकतात. कंपनी नेहमीच्या हप्त्यात विमा देते. किंवा आधी रक्ताची तपासणी, डॉक्टरांचा अहवाल मागते. किंवा जादा हप्ता लावते, एखादा आजार विम्यातून वगळते. किंवा आत्ता नको म्हणते. वडिलांना मधुमेह होता एवढ्याच कारणाने दार बंद होतं असं मुळीच नाही. एका कंपनीने जादा हप्ता सांगितला तर दुसरीकडे विचारता येतं.

आणि लपवलं तर? सिंगापूरच्या विमा कायद्याप्रमाणे प्रत्येक अर्जावर एक इशारा ठळकपणे छापावाच लागतो. त्याचा आशय असा : तुम्हाला माहीत असलेली, किंवा माहीत असायला हवी अशी, सर्व माहिती पूर्णपणे आणि प्रामाणिकपणे द्या; नाहीतर या पॉलिसीतून तुम्हाला काहीही न मिळण्याची शक्यता आहे.

'माहीत असायला हवी' हे शब्द पुन्हा वाचा. खरोखरच कोणाला माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहिता येतं. पण एका फोनवर कळणारी गोष्ट विचारलीच नाही, तर ते 'माहीत नाही' पटणार कसं?

एक लक्षात ठेवा. विम्याचा अर्ज तुम्ही आज भरता, पण तो बारकाईने वाचला जातो तुम्ही नसताना. तेव्हा चूक दुरुस्त करायला तुम्ही नसता. समोर बसलेली असते तुमची आई, नाहीतर नवरा, बायको किंवा मुलं. म्हणून एजंटने अर्ज भरून दिला तरी प्रत्येक उत्तर स्वतः वाचा. "इथे फक्त सही करा" असं कोणी म्हटलं तर म्हणा, "आधी वाचतो" किंवा "आधी वाचते". सही तुमची, म्हणजे उत्तरंही तुमचीच.


८. पॉलिसी हातात आल्यावर

पॉलिसी आली की खोक्यात टाकू नका. पुढची चार कामं करा.

एक : वाचा. पॉलिसी मिळाल्यापासून १४ दिवसांत ती नको वाटली तर परत करता येते. तपासणीसारखा झालेला खर्च वजा करून हप्त्याचे पैसे परत मिळतात.

दोन : नॉमिनी नेमा. सिंगापूरमध्ये २००९ पासून याचे दोन प्रकार आहेत. एक पुढे बदलता येणारा. त्यात कोणाचंही नाव घालता येतं. दुसरा विश्वस्त पद्धतीचा. तो फक्त नवरा, बायको किंवा मुलांसाठी असतो आणि एकदा केला की स्वतःच्या मर्जीने बदलता येत नाही. वरच्या गोष्टीतल्या मुलीला आईचं नाव घालायचं आहे, म्हणजे तिला पहिला प्रकार. या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ते २१ वर्षांवरचे हवेत. नॉमिनी किंवा नॉमिनीचा नवरा-बायको साक्षीदार होऊ शकत नाही.

तीन : हप्ता चुकवू नका. हप्ते थकले तर पॉलिसी बंद पडते, आणि नव्याने अर्ज करताना तुमचं वय वाढलेलं असतं.

चार : घरी सांगा. पॉलिसी कोणत्या कंपनीची, कागद कुठे ठेवलाय, हे एका माणसाला तरी माहीत हवं. आई म्हणेल, "असलं काही बोलू नकोस." तरी सांगा. चहा घेताना सांगा, हसत सांगा, पण सांगा.

(हा भाषेचा पाठ आहे. रकमा आणि नियम बदलतात. प्रत्यक्ष अर्ज करताना त्या वेळचे नियम तपासून घ्या.)


शब्दार्थ

कुंपण – घराभोवती किंवा शेताभोवती घातलेली आडकाठी
अवलंबून असणे – दुसऱ्याच्या आधारावर असणे
ढोबळ – साधारण, अगदी नेमका नसलेला
वजा करणे – मोठ्या संख्येतून लहान संख्या काढणे
हयात – जिवंत
सख्खी भावंडं – त्याच आईवडिलांची मुलं (चुलत, मामे, आते, मावस नव्हे)
वगळणे – बाहेर ठेवणे, न धरणे
आशय – सांगण्याचा अर्थ
थकणे (हप्ता) – वेळेवर न भरला जाणे
शुभ बोल – वाईट गोष्टी तोंडाने काढू नकोस


भाषेकडे लक्ष द्या : कागदावरचं मराठी, तोंडातलं मराठी

महाराष्ट्रातल्या अर्जांवर तुम्हाला अशी वाक्यं दिसतील. शेजारी त्यांचं बोलण्यातलं रूप दिलं आहे.

अर्जदाराने आपले पूर्ण नाव लिहावे. → तुमचं पूर्ण नाव लिहा.
वडील हयात नसल्यास मृत्यूचे कारण नमूद करावे. → वडील नसतील तर कशाने गेले ते लिहा.
सोबत ओळखपत्राची प्रत जोडणे आवश्यक आहे. → ओळखपत्राची कॉपी लावायला विसरू नका.
खोटी माहिती आढळल्यास अर्ज रद्द करण्यात येईल. → खोटं लिहिलेलं सापडलं तर अर्ज रद्द होईल.

नियम : 'नसल्यास', 'आढळल्यास', 'असल्यास' यांतलं '-ल्यास' म्हणजे 'जर … तर'. बोलताना कोणी "पाऊस आल्यास छत्री घे" म्हणत नाही. "पाऊस आला तर छत्री घे" म्हणतात. अर्जात मात्र '-ल्यास' सगळीकडे भेटेल.


स्वाध्याय

अ. चूक की बरोबर ते लिहा.
१. तांजोंग पगार या नावातला 'पगार' मराठीतून गेला आहे.
२. आईने सगळं सांगितल्यामुळे मुलीला आत्याला फोन करावा लागला नाही.
३. पॉलिसी मिळाल्यापासून १४ दिवसांत परत करता येते.
४. नॉमिनी स्वतः साक्षीदार होऊ शकते.

आ. हिशेब करा आणि उत्तर अक्षरांत लिहा.
एकाचा पगार महिना ३,५०० डॉलर आहे. त्याला सीपीएफच्या योजनेत ७०,००० डॉलरचा विमा आहे. नऊपटीच्या हिशेबाने त्याला आणखी किती रकमेचा विमा लागेल?

इ. '-ल्यास' वापरून वाक्य पुन्हा लिहा.
१. हप्ता भरला नाही तर पॉलिसी बंद पडेल.
२. अर्जदार सिगारेट ओढत असेल तर तसं लिहा.
३. आधी ऑपरेशन झालं असेल तर तारीख लिहा.

ई. आत्याच्या तोंडची ही वाक्यं अर्जाच्या भाषेत लिहा.
१. "साखर होती की."
२. "दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. एक्केचाळीस वर्षांचा होता."

उ. विचार करा आणि चार-पाच वाक्यांत लिहा.
१. "आधी ते कर. अर्ज काय, उद्याही भरता येईल," असं आत्या का म्हणाली?
२. वडिलांनी आपला आजार घरात लपवला. त्यामागे काय भावना होती? त्याचा परिणाम काय झाला?

ऊ. जोडीने बोला.
एकाने एजंट व्हा, एकाने अर्जदार. एजंट घाईत आहे, त्याला फक्त सही हवी आहे. अर्जदाराने नम्रपणे पण ठामपणे किमान तीन प्रश्न विचारायचे. एजंटला 'तुम्ही' म्हणा. तो वयाने मोठा असेल तर 'काका' म्हणालात तरी चालेल.

ए. घरचा अभ्यास.
या आठवड्यात आजी, आजोबा, आत्या, मामा, मावशी यांपैकी एकाला फोन करा. आधी त्यांची तब्येत विचारा, आणि घाई करू नका. मग तुमच्या घराण्यात कोणाला कोणता आजार होता ते विचारा. त्यांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्या आणि शेजारी कागदावरचा शब्द लिहा. वर्गात फक्त शब्द दाखवा. नावं आणि घरची गोष्ट तुमच्याजवळच ठेवा.


उत्तरं

अ. १ चूक, २ चूक, ३ बरोबर, ४ चूक.

आ. ३,५०० × १२ = ४२,०००; ४२,००० × ९ = ३,७८,०००; ३,७८,००० − ७०,००० = ३,०८,०००. तीन लाख आठ हजार डॉलर.

इ. १. हप्ता न भरल्यास पॉलिसी बंद पडेल. २. अर्जदार सिगारेट ओढत असल्यास तसे नमूद करावे. ३. पूर्वी शस्त्रक्रिया झाली असल्यास तारीख लिहावी.

ई. १. वडिलांना मधुमेह होता. २. मृत्यूसमयी वय : ४१ वर्षे. (मृत्यूचं कारण लिहायचं असेल तर ते आत्याने आधीच्याच वाक्यात सांगितलं आहे. शोधा!)

उ, ऊ आणि ए यांची उत्तरं प्रत्येकाची वेगळी असतील. 'ए'चं उत्तर मात्र जपून ठेवा. कधीतरी अर्ज भरताना तेच पान उघडाल.